गुरुवारची अर्धी प्रार्थना

मी एक स्टॉपवॉच बोलतोय. किल्लीचं, खिशात मावणारं, पांढऱ्या तबकडीचं. मोठा काटा मिनिटात एक फेरा मारतो, लहान काटा अर्ध्या तासात. याहून जास्त मला काही येत नाही, आणि येतं असा आव मी कधी आणलेला नाही.

जन्म स्वित्झर्लंडच्या एका बर्फाळ दरीतला. माझी स्प्रिंग बसवणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती, एवढंच मला तिच्याबद्दल आठवतं. पुढे पोर्तुगालात, पोर्तोमधल्या एका दुकानात काचेमागे दोन वर्षं काढली. शेजारची मनगटी घड्याळं भराभर खपली. मला हातात घेऊन लोक म्हणायचे, "यात वाजले किती ते कुठे दिसतं?" खरं आहे. किती वाजले ते मला कधीच कळलेलं नाही. किती वेळ गेला, तेवढं कळतं.

मला घेतलं आल्बानो तावारेसनी. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले आणि त्यांचे हात रिकामे झाले. शिट्टी वाजवून कुणाला तरी हलवल्याशिवाय त्यांना चैन पडेना, म्हणून चर्चच्या आवारात त्यांनी धावण्याचा क्लब काढला. गाव डोंगरातलं, मोजे विणणाऱ्या कारखान्याचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मला त्यांनी बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात अडकवलं. सूप पिताना मी ताटलीत बुडायचो. दोनदा बुडालो.

दिओलिंदा क्लबात आली तेव्हा तिची तिशी उलटली होती. कारखान्यात यंत्रावर दिवसभर उभी राहायची, नवरा आर्मिन्दो फ्रान्समध्ये गवंडीकाम करायचा, घरी सासू दोना प्रुदेन्सिया. शरीर काडीसारखं, पण पहिल्याच दिवशी तिनं मास्तरांच्या मोपेडला चढणीवर घाम फोडला. मास्तर मला बघत राहिले, मग तिला, मग परत मला. माझ्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी मनाला लावून घेतलं नाही.

त्यांनी तिचा आठवडा बांधून दिला. मंगळवारी छोटे, जोरकस तुकडे. रविवारी लांबचं, संथ. आणि गुरुवारी टेम्पो. चर्चपासून जुन्या पुलापर्यंत आणि परत, आठ किलोमीटर, एकाच चालीत. चाल अशी की अंगावर यावी पण अंगाशी येऊ नये. ती नेमकी किती, हे बहुतेकांना शेवटपर्यंत कळत नाही. मास्तरांनी त्याला एक माप शोधलं होतं.

आमच्याकडे जपमाळ म्हणताना "नमो मरिये" ही मरियामातेची प्रार्थना दोघांत वाटून म्हणतात. पहिला अर्धा एकानं म्हणायचा, दुसऱ्या अर्ध्यानं बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मास्तर मोपेडवरून शेजारी यायचे आणि ओरडायचे, "म्हण!" दिओलिंदा पळता पळता आपला अर्धा म्हणायची. एका दमात म्हणाली तर चाल ढिली. तीन दम लागले तर फार जोरात. दोन दमांत बसला की टेम्पो बरोबर. मग मास्तर मोपेडवरून दुसरा अर्धा पुरा करायचे, "पवित्र मरिये, देवमाते, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणसमयी." एरवी ते चर्चची पायरी चढत नसत. पण प्रार्थना अर्धी सोडणं त्यांना गाडी सिग्नलवर सोडून जाण्यासारखं वाटायचं.

दोन दमांत दिओलिंदाला आठ किलोमीटरला अठ्ठावीस मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. हे मी सांगतोय, म्हणजे ते तसंच होतं.

घोळ केला तो गावानं. दुसऱ्या किलोमीटरवर धुण्याचा हौद आहे. गुरुवारी बायका मुद्दाम तेव्हाच धुणं काढायच्या. "अगं दिओलिंदा, माझी शेळी पुढे गेली की तुझ्या!" "पाय उचल बाई, का नवऱ्याला फ्रान्सहून ढकलायला बोलावू?" परतीच्या वाटेवर झुल्मिराचं कॅफे. तिथल्या फळ्यावर, सूपचं नाव असतं त्याच्या खाली, झुल्मिरा खडूनं त्या दिवशीची वेळ लिहायची. मागच्या गुरुवारपेक्षा आकडा वाढला तर म्हातारे मान हलवायचे, जणू घरात कुणी आजारी आहे.

माणसाला फळा दाखवला की तो त्यावर चढायला बघतो. दिओलिंदा अठ्ठावीस चाळीसवरून अठ्ठावीसवर आली, मग सत्तावीस दहावर. तीन दमांतही तिचा अर्धा पुरा होईना. मास्तर हौदापाशी मोपेड आडवी घालून ओरडायचे, "पोरी, ही शर्यत नाही! गुरुवारीच सगळी भाकरी खाल्लीस तर रविवारी काय, ताटली चाटणार?"

"मास्तर, पायच थांबत नाहीत," ती म्हणायची. खोटं होतं. पाय थांबत होते, फळ्याकडे वळणारी मान थांबत नव्हती.

वसंतातल्या मॅरेथॉनमध्ये बत्तिसाव्या किलोमीटरला ती फुटपाथवर बसली. पायांत काही उरलंच नव्हतं. प्रुदेन्सियानं तिला शालीत गुंडाळून बसनं घरी आणलं. महिन्याभरानं अ‍ॅथलेटिक्स महासंघाचं पत्र आलं. नोव्हेंबरमध्ये लिस्बनच्या मॅरेथॉनला दोन तास अडतीस मिनिटांच्या आत आलीस तर राष्ट्रीय संघात जागा. दिओलिंदा तेव्हा चौतीस वर्षांची होती. यानंतर कुणी विचारणार नाही, हे तिला पत्र न वाचताही कळत होतं.

त्या आठवड्यापासून मास्तर खोटं बोलू लागले.

पहिल्या गुरुवारी ती आली तेव्हा माझ्यावर सत्तावीस एकोणपन्नास होते. मास्तरांनी अंगठा माझ्या काचेवर ठेवला आणि कॅफेच्या दारातून ओरडले, "सव्वीस छप्पन्न!" झुल्मिराचा खडू मोडला. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यात माझ्या तोंडी दुसऱ्याचा आकडा घालण्याची ती पहिली वेळ. मला राग आला असं म्हणणार नाही, पण अंगठ्याखाली कोंदट वाटलं.

युक्ती मात्र लागू पडली. फळा खूश, हौदावरच्या बायका खूश. "आता हिला कोण हिणवणार, ही तर आगगाडी!" दिओलिंदाला आता कुणाला काही दाखवायचं राहिलं नाही. ती सावकाश आपल्या चालीवर आली. दोन दम. मास्तरांचं उत्तर. माझ्यावर अठ्ठावीस चव्वेचाळीस, अठ्ठावीस एकोणचाळीस, अठ्ठावीस बेचाळीस. फळ्यावर सव्वीस पन्नास, सव्वीस अठ्ठावन्न. ती मंगळवारी ताजी असायची, रविवारी तीस किलोमीटर पळून येऊन कोबीचं सूप हाणायची. असे चोवीस गुरुवार गेले.

लिस्बनच्या बारा दिवस आधी मास्तर ओल्या फरसबंदीवर मोपेडसकट घसरले आणि पाय मोडला. शेवटच्या टेम्पोला मला त्यांनी प्रुदेन्सियाहाती दिओलिंदाकडे पाठवलं. आता तिच्या मुठीत मी आलो की खरं उघडं पडणार, हे त्यांच्या डोक्यात का आलं नाही, मला माहीत नाही. आलंही असेल.

दिओलिंदा एकटी पळाली. आपला अर्धा दोन दमांत म्हणाली, उत्तराची वाट पाहिल्यासारखी क्षणभर मान वळवली आणि पुढे गेली. चर्चपाशी तिनं मला थांबवलं. अठ्ठावीस एक्केचाळीस. तिनं मला कानाशी धरलं, झटकलं, पुन्हा बघितलं. तशीच घामेजलेली ती मास्तरांच्या घरी गेली. ते प्लॅस्टरचा पाय स्टुलावर ठेवून बटाटे सोलत होते.

"मास्तर, मी संपले."

"किती दमांत म्हटलंस?"

"दोन."

"मग?"

"मग काय मग! अठ्ठावीस एक्केचाळीस झाले! गेल्या गुरुवारी सव्वीस अठ्ठावन्न होते!"

मास्तरांनी बटाट्याचा डोळा काढला. "गेल्या गुरुवारी अठ्ठावीस एकोणचाळीस होते."

तिला कळायला थोडा वेळ लागला. चार सेकंद असावेत. मी बंद होतो.

"आणि त्याच्या आधीच्या?"

"तसेच. सगळे तसेच."

"म्हणजे अख्ख्या गावादेखत मला मूर्ख बनवलंत?"

"गावाला बनवलं. तू मधे सापडलीस."

"मला खरं सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं की. घसा फुटेस्तोवर सांगितलं. तू हौदावरच्या बायकांचं ऐकलंस."

"आणि त्या खोट्या आकड्यांच्या भरवशावर लिस्बनला सुटले असते तर? अर्ध्यात मेले असते!"

"आदल्या दिवशी सांगणार होतो."

"आणि पायाऐवजी मान मोडली असती तर?"

मास्तरांनी सुरी खाली ठेवली. मी त्यांच्या गळ्यात सतरा वर्षं होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची भीती दिसली. स्वतःच्या शहाणपणाची भीती होती ती.

ती मला घेऊनच बाहेर पडली. दार आपटलं. आतून आवाज आला, "तिसाव्या किलोमीटरपर्यंत एका दमात! तिथून पुढे दोन!" तिनं मागे वळून पाहिलं नाही.

दहा दिवस ती त्यांच्याकडे फिरकली नाही. कॅफेच्या दारावरूनही डोकं खाली घालून जायची. लिस्बनच्या बसमध्ये प्रुदेन्सियानं उकडलेलं अंडं सोलून दिलं आणि विचारलं, "सूनबाई, किती वेगानं पळणार?"

"मला काय माहीत, आई? माझा वेग मला कुणी सांगितलाय कधी?"

बंदुकीच्या आवाजाला तिनं माझं बटण दाबलं आणि मूठ मिटली. त्यानंतर एकदाही उघडली नाही. बायका तिच्या पुढे निघून गेल्या. मुठीच्या घट्टपणावरून मला ते कळत होतं. पाचव्या किलोमीटरला ती पुटपुटली, "नमो मरिये, कृपापूर्णे..." एका दमात झालं. दहाव्याला झालं. विसाव्याला झालं. शेजारून पळणाऱ्या एका टकल्या गृहस्थानं घाबरून छातीवर क्रूसाची खूण केली. मघाशी पुढे गेलेल्या बायका आता एकेक करून मागे पडू लागल्या. तिसाव्यानंतर तिनं चाल मोकळी सोडली, गुरुवारची चाल.

पस्तिसाव्या किलोमीटरला तिनं आपला अर्धा मोठ्यानं म्हटला. दोन दम. रस्त्याकडेला एक म्हातारी बाजाराची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती. ती शर्यत बघायला आली नव्हती. पण प्रार्थनेचा पहिला अर्धा कानावर आला की आमच्याकडे माणूस गप्प राहत नाही. म्हातारीनं सवयीनं उत्तर दिलं, "पवित्र मरिये, देवमाते, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर..." उरलेलं मागे राहिलं. दिओलिंदा रडू लागली. रडता रडता पळत राहिली. तिची चाल एका सेकंदानंही ढळली नाही.

दोन तास सदतीस मिनिटं एक्कावन्न सेकंद. हे मला पुढे लोकांच्या तोंडून कळलं. माझं बटण दाबायचं ती विसरली होती. मी तिच्या पिशवीत संध्याकाळपर्यंत धावत राहिलो आणि परतीच्या बसमध्ये कुठेतरी स्प्रिंग संपल्यावर थांबलो. माझ्या तबकडीवर जे उरलं त्याला काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. रेडिओवर त्यांना सगळं कळलं होतं, तरी खुर्चीतून अर्धवट उठत त्यांनी विचारायला तोंड उघडलं. दिओलिंदानं दारातच उभं राहून, नमस्कार-चमत्कार काही न करता, आपला अर्धा म्हटला. सावकाश, एका दमात.

मास्तर खाली बसले. मग उत्तर देऊ लागले. "आता" या शब्दापाशी त्यांचा आवाज अडला, आणि उरलेल्या तीन शब्दांना त्यांना दोन दम लागले.

"फार जोरात चाललात, मास्तर," ती म्हणाली आणि चुलीवरचं सूप ढवळायला गेली. त्या आठवड्यात झुल्मिराच्या फळ्यावर तिनं स्वतः खरे आकडे लिहिले, चोवीसच्या चोवीस. म्हातारे महिनाभर मास्तरांशी बोलले नाहीत.

मास्तर गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. दफनाच्या वेळी पाद्रींनी पहिला अर्धा म्हटला, सगळ्या गावानं दुसरा. दिओलिंदा तेवढी गप्प उभी होती, कारण तिचा अर्धा पहिला होता.

माझी स्प्रिंग त्याच हिवाळ्यात तुटली. मला दुरुस्त करा असं मी कुणाला म्हणणार नाही. त्यासाठी मी हे सगळं सांगितलेलं नाही. दिओलिंदाचे केस पिकलेत. गुरुवारी ती मास्तरांच्या जुन्या मोपेडवर निघते, मी तिच्या कोटाच्या खिशात. हौदापाशी क्लबातल्या मुली मनगटावरच्या घड्याळात डोकं घालून येतात. त्यांची घड्याळं काळजाचे ठोकेसुद्धा मोजतात म्हणे. मोजोत बापडी.

"हात खाली!" ती ओरडते. "म्हण!"

मुली धापा टाकत म्हणतात. मग मोपेडच्या फटफटीवर आवाज चढवून दिओलिंदा दुसरा अर्धा म्हणते.