पहिल्या मेणबत्तीची प्रार्थना

प्रणोतीनं सलोनीच्या मुठीतून मोरपंखीची डहाळी सोडवून घेतली आणि परातीतल्या हिरव्या कड्यात पुन्हा खोचली. तिची सासू हेमलता कड्यात चार मेणबत्त्या सरळ उभ्या करत होती. बाजारात जांभळ्या मिळाल्या नव्हत्या, म्हणून पांढऱ्यांनाच जांभळ्या फिती बांधल्या होत्या. तिसरीला तेवढी गुलाबी. आज आगमनकाळाचा पहिला रविवार. नाताळापर्यंत दर रविवारी एकेक जास्त पेटायची.

या घरात पहिल्या मेणबत्तीची प्रार्थना सुनेनं करायची असे. इतकी वर्षं घरची सून म्हणून ती हेमलतानंच केली होती. गेल्या वर्षी प्रणोती बाळंतपणाला माहेरी, नागपूरला होती. यंदा सुटका नव्हती.

अडचण ही की सलोनी झाल्यापासून तिला प्रार्थना जमतच नव्हती. रात्री गुडघे टेकले की कपाळ गादीला लागायचं आणि ती तिथंच झोपून जायची. चर्चमध्ये मुलगी किरकिरली की तिला घेऊन व्हरांड्यात. उपदेश खिडकीतून तुकड्यातुकड्यांनी ऐकू यायचा. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आज तोंड उघडलं की सगळ्यांना कळेल, असं तिला वाटत होतं.

दुपारी केकसाठी मनुका निवडताना तिनं सुचवून पाहिलं होतं, की यंदाही मम्मींनीच करावी.

"काहून?" हेमलता मनुकांवरून नजर न उचलता म्हणाली. "घसा बसला का तुझा?"

आल्हादनं बायकोची बाजू घेतल्यासारखं केलं. म्हणाला, मम्मीची प्रार्थना म्हणजे अख्ख्या कॉलनीची हजेरी, तोवर भाजी गार होते. हेमलतानं त्याच्यापुढे लसणाची टोपली सरकवली आणि विषय तिथंच संपला.

दिवेलागणीला सगळी टेबलाभोवती बसली. सासऱ्यांनी, रत्नाकरांनी, पवित्र शास्त्रातला उतारा वाचला. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून ते फार सावकाश वाचायचे. मग आल्हादनं मेणबत्ती पेटवली आणि सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पित्या," प्रणोती म्हणाली.

सलोनी मांडीवरून ज्योतीकडे झेपावली. प्रणोतीनं एका हातानं तिला मागं ओढलं, दुसऱ्यानं परात लांब सरकवली. मुलीनं टेबलक्लॉथ धरून ओढला, परात पुन्हा जवळ आली. प्रणोती तिची बोटं कापडातून सोडवत राहिली. पुढचं वाक्य तिला सापडत नव्हतं. रत्नाकर हात जोडून स्तब्ध बसले होते. आल्हादच्या भुवया किंचित हलल्या. सलोनी पुन्हा वाकली, आणि या वेळी तिची मूठ आणि ज्योत यांच्या मध्ये एक तळवा आला.

तो हेमलताचा होता. तिचे डोळे उघडे होते. आत्ता उघडलेले वाटत नव्हते.

आता ती रागावेल, नाहीतर स्वतःच प्रार्थना पुढं नेईल, असं प्रणोतीला वाटलं. हेमलतानं तळवा तसाच धरून ठेवला. सलोनी त्यावर थापट्या मारत होती. दोघी तिच्याकडे पाहत राहिल्या, मग एकमेकींकडे.

"आमेन," थोड्या वेळानं हेमलता म्हणाली.

रत्नाकरांनीही आमेन म्हटलं आणि चष्मा घातला. आल्हादनं आधी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे.

"अरे, पण हिनं काही म्हटलंच कुठं?"

"म्हटलं न," भाजीवरचं झाकण काढत हेमलता म्हणाली. "तू डोळे मिटून बसला होता."

प्रणोतीचं स्वतःचं आमेन राहून गेलं होतं. ते तिनं सलोनीच्या टाळूवर ओठ टेकून म्हटलं, आणि मुलीला कडेवर घेऊन ताटं मांडायला उठली.