गार फोन

नायलॉन

इस्त्रीची चकती सर्वांत खालच्या, 'नायलॉन'च्या खुणेवर असली की कापड जळत नाही, नुसतं कोमट होतं. संशय तसाच सुरू झाला.

लाँड्री खाली, घर वर. नियम आईचा: जेवायला बसताना लेकीने फोन पत्र्याच्या डब्यात टाकायचा, सकाळी परत घ्यायचा. सुरुवातीला रोज आदळआपट, रोज "अगं आई, पाच मिनिटं!" आणि शेवटी हातात यायचा तो फोन नुकत्याच फिरवलेल्या कॉलरसारखा तापलेला.

गेल्या आठवड्यापासून लेक न मागता फोन देते. आणि फोन गार असतो.

सगळं आयुष्य तळहाताने उष्णता जोखण्यात गेलेली बाई. तिला गार फोन पटेना.

रेशीम

"शहाणी झाली असेल," मामा म्हणाला. आईचा धाकटा भाऊ. दुकानात घड्या घालायचं काम त्याचं.

"पंधरा वर्षांची पोरगी आठवड्यात शहाणी होते?"

"नाही होत."

"मग?"

"मग दुसरा फोन आहे, ताई." त्याने घडी घालायला घेतलेल्या शर्टाच्या बाह्या पाठीमागे मुडपल्या, चोराचे हात बांधावेत तशा. "पहिला तुझ्या समाधानासाठी. दुसरा तिच्या."

"गप रे. तोंडावर इस्त्री फिरवीन."

पण तिचं लक्ष उडालं ते उडालंच.

लोकर

लेक दार लोटून बसते. का?

हाक मारली की पहिल्याच हाकेला "ओ" देते. ही तर हद्द झाली. इतकं कान देऊन कशाची चाहूल घेते?

दुकानात येणाऱ्या प्रत्येक कपड्याचे खिसे आई तपासते, धंदाच तसा. लेकीचे दोनदा तपासले. पेनाचं एक टोपण. बस्स. एवढा स्वच्छ खिसा कुणाचा असतो? काहीतरी लपवणाऱ्याचा!

सुती

दुपारी लेक मामाला मदत करायला खाली गेली, तशी आई वर आली. गादीखाली हात. पुस्तकांमागे हात. कपाटावर, जुन्या बुटांत. ती डोळ्यांनी शोधतच नव्हती. चालू फोन ऊब सोडतो आणि तळव्याला ती कळतेच.

उशीपाशी हात थांबला. ऊब.

सापडला!

तिने खोळीत कोपरापर्यंत हात घातला. काही नाही. खोळच कोमट होती. आणि ओलसर.

"काय शोधतेस?" लेक दारात उभी.

"दुसरा फोन कुठाय?"

"कुठला दुसरा?"

"सोंग करू नकोस. तुझा हा फोन गार का असतो मग?"

"वाजतच नाही, तर तापेल कशाला?"

लेकीने फोन उघडून तिच्यासमोर धरला. वर्गातल्या मुलींचा ग्रुप. सगळ्यात खाली, आईने मागे एकदा डब्यातून फोन काढून टाकलेला मेसेज: 'मी हिची आई बोलतेय. यापुढे संध्याकाळी मेसेज केलेत तर एकेकीच्या घरी येईन.'

त्याखाली काहीच नव्हतं.

"त्यांनी नवा ग्रुप केला. मला नाही घेतलं." लेक खिडकीकडे बघत होती. "शाळेत मला आता 'घरी येईन' म्हणतात. हेच नाव पडलंय."

लिहिताना आईला किती बरं वाटलं होतं.

बंद

जेवताना लेकीने सवयीने फोन डब्यात टाकला. आईने तो काढून तिच्या ताटाशेजारी ठेवला.

"राहू दे. वाजला तर घे."

दोघी घास चिवडत बसल्या. मग फोन थरथरला. वर्गातलीच एक मुलगी: 'उद्या माझ्याशेजारी बसशील?'

लेकीचा चेहरा उजळलाच होता. तेवढ्यात तिने आईकडे पाहिलं, आणि डोळे बारीक केले.

"तिला काय लिहिलंस?"

"मी? काही नाही गं."

"घरी गेली होतीस तिच्या?"

"दुपारपासून इस्त्रीपाशी उभी होते. मामाला विचार."

खरंच होतं ते. आईने कुणाला एक अक्षर लिहिलं नव्हतं, घर-दुकान सोडून पाऊल टाकलं नव्हतं. इस्त्रीच्या धगीने तापलेला ॲप्रनसुद्धा अजून अंगावरच होता.

लेक उठली. त्या ॲप्रनच्या खिशातून तिने आईचा फोन बाहेर काढला. उघडला नाही. तळव्यावर धरला, अगदी आईसारखा.

"गरम आहे," ती म्हणाली.