वैशाखात निवडलेले टायर

सरकारी जीपचं स्टिअरिंग हातात आलं की माणसाची मान आपोआप दोन बोटं वर जाते. माझी चार बोटं गेली होती. आमच्या घरात माझ्याआधी चाकाशी संबंध आला तो दुसऱ्याच्या बैलगाडीच्या, आणि तोही चिखलातून ढकलण्यापुरता. माझा बाप भिजलेल्या कपाशीच्या गाड्या ढकलता ढकलता म्हातारा झाला. म्हणून किन्हीराजापासून चार कोसांवरच्या दवाखान्यात मी ड्रायव्हर लागलो, तेव्हा माझ्या आईने बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाली, "भिवाजी, आता तू ढकलू नको, बापा. तू चालव."

चौऱ्याहत्तर सालच्या वैशाखात जीपचे टायर पार गुळगुळीत झाले. डॉक्टरसाहेबांनी अकोल्याच्या दुकानासाठी चिठ्ठी दिली. म्हणाले, "दोन तऱ्हेचे आहेत म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. तू निवड."

साहेबाने 'तू निवड' म्हणावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. ती चिठ्ठी मी दोन दिवस खिशात घालून मिरवली. सल्ला द्यायला अख्खा दवाखाना तयार होता. कंपाउंडर पुंजाजीने जन्मात सायकलपलीकडे काही चालवलं नव्हतं, पण टायरवर तो अर्धा तास बोलला. त्याचं म्हणणं एकच, जाड आणि रुंद घे, पाहणारा घाबरला पाहिजे.

धनसिंगकाका त्या दिवशी गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आले होते. डांबरी सडकेपासून तीन कोस आत त्यांचा तांडा, आणि मधली सगळी वाट काळ्या मातीची. तीस वर्षं त्यांनी कपाशीची गाडी कारंज्याच्या बाजारात नेली होती. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "आता उन्हायात काहून निवडून राह्यला?"

"टायर आता झिजले ना, काका."

"आता तर आमच्या वाटेनं आंधयाबी पयत जाईन. दोनदा पाणी पडू दे, चिखल होऊ दे, मंग पाह्यजो. अन् रुंद घेऊ नको. गाडीचं चाक बारीक काहून असते? ते चिखल कापते अन् खालच्या मुरमाले जाऊन लागते. रुंद चाक वरच बसते, म्हशीवानी."

"ही बैलगाडी नाई, काका. हिच्या चारी चाकाईले जोर हाय."

"तुह्या जीपले जोर हाय, बापा," काका उठता उठता म्हणाले, "मातीलेबी हाय."

म्हातारा चुकीचं बोलत नव्हता, हे मला तेव्हाही कुठेतरी कळत होतं. पण बैलगाडीकडून काही शिकायचं म्हटलं की माझा संताप व्हायचा. जिच्या मागे माझ्या बापाची कंबर गेली, तिने मला शिकवावं? मी अकोल्याला गेलो. एका बाजूला अरुंद टायर होते, मोठमोठ्या खाचांचे, दिसायला अगदी उपाशी. दुसऱ्या बाजूला रुंद, त्यांच्यावर लहान लहान चौकोन दाटीवाटीने बसवलेले, मऊ नवंकोरं रबर. मी रुंद घेतले. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मला तो नाकाला शोभतोय असंच वाटलं.

परत आल्यावर मी पाच माणसं बसवून जीप एका नांगरलेल्या, ढेकळांनी भरलेल्या शेतातून आडवी काढली. कुठे घसरली नाही, अडली नाही. पुंजाजीने टाळ्या वाजवल्या. वैशाखातल्या दगडासारख्या मातीवर घेतलेली परीक्षा मी पास झालो आणि छाती काढून फिरू लागलो.

भाद्रपदात एका सकाळी काकांचा मुलगा सोमला गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला दवाखान्यात आला. त्याची बायको ललिताबाई अडली होती. पहिलटकरीण, आदल्या संध्याकाळपासून कळा देत होती. डॉक्टरसाहेब म्हणाले, "इथे घेऊन या, मी सगळी तयारी करून ठेवतो." नर्स बेबीताई पुढे बसली, सोमला मागे. सडक सोडताना मी म्हणालो, "अर्ध्या तासात पोचतो." मी असं म्हणालो होतो, हे मला आजही पुसता येत नाही.

पहिला कोस गेला. मग त्या दाट चौकोनांमध्ये काळी माती बसू लागली, आणि बसली ती निघेना. टायरची सगळी नक्षी भरून गेली आणि चारही चाकं लाडवासारखी गुळगुळीत गोल झाली. मी चारही चाकं ओढणारा गिअर टाकला. चाकं जागच्या जागी फिरली, चिखल मडगार्डखाली कोंबला गेला आणि दुसरा कोस सरता सरता चाकं फिरायचीही थांबली. सोमला उतरून तांड्याकडे पळत सुटला. मी आणि बेबीताई हातांनी चिखल उकरत राहिलो.

दीड-दोन तासांनी बैलगाडी येताना दिसली. काका हाकत होते, गाडीत गोधडीवर ललिताबाई. चिखल वाटेल तेवढा होता, पण ते बारीक चाक त्यात आतपर्यंत रुतायचं, खाली टेकायचं आणि पुढे यायचं. हळू, पण न थांबता. माझ्या जिवात जीव आला. गाडी जवळ आली तेव्हा मला दिसलं ते आधी दिसायला हवं होतं. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या नाल्या, मध्ये एका गाडीपुरती वाट, आणि त्या वाटेत माझी जीप. बैलगाडी सडकेपर्यंत गेली असती. माझ्यामुळे ती जाऊ शकत नव्हती.

सोमला, काका आणि मी, तिघांनी जीप ढकलली. ती वीतभरही हलली नाही. जीपला जुंपायला काका बैल सोडणार, तेवढ्यात ललिताबाई ओरडली आणि बेबीताई गाडीत चढली. आम्ही तिघं पाठ करून उभे राहिलो.

मुलगी झाली. ती रडली नाही. बेबीताईने तिला उलटं धरलं, चोळलं, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, बराच वेळ. मग तिने आपल्या पदराने लेकराचं तोंड झाकलं आणि ती ललिताबाईकडे वळली. ललिताबाई वाचली.

नंतर मी बेबीताईला एकट्यात विचारलं, "दवाखान्यात पोचलो असतो तर?"

ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "वाचली असती, असं म्हणत नाई," ती म्हणाली. "पण वाचवाले हातात काही असतं."

काकांनी बैल सोडले, जीपच्या मागे जुंपले आणि तिला उलटी ओढून बाहेर काढली. मला त्यांनी एक शिवीही दिली नाही. मी शिवीची वाट पाहत होतो. ती मिळाली असती तर बरं वाटलं असतं.

आठवड्याने डॉक्टरसाहेब म्हणाले, "टायर सदोष निघाले असं लिहून दे, मी वर पाठवतो, बदलून मिळतील." मी कागद घेतला आणि लिहिलं, 'टायर चांगले आहेत. माझी निवड चुकली.' साहेबांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. ते टायर डांबरी सडकेवर धावणाऱ्या एका दुसऱ्या जीपला गेले. मला पुन्हा अकोल्याची चिठ्ठी मिळाली.

ती घेऊन मी तांड्यावर पायी गेलो. काका अंगणात बसले होते. मी म्हणालो, "काका, माह्यासंगं अकोल्याले चाला. मले निवडता येत नाई." काका उठले. आत गेले, एक फडकं घेऊन निघाले, वाटेत मला पुढे घालून मागे थांबले आणि आले ते गाठोडं घेऊनच.

दुकानात त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं आणि गाठोडं सोडलं. आत काळी माती होती. दुकानदार फरशी खराब होईल म्हणून कुरकुरला, काकांनी तिकडे लक्षच दिलं नाही. माती भिजवून मळली, रुंद टायरच्या चौकोनांत अंगठ्याने दाबून भरली आणि टायर उभा करून जमिनीवर आपटला. माती तशीच राहिली. मग अरुंद टायरच्या खाचांत भरली आणि आपटला. मातीचे गोळे सुटून फरशीवर पडले.

"हा सोडते," काका म्हणाले. "आता तू करून पाह्य."

मी केलं. दोनदा केलं. मग न राहवून विचारलं, "काका, माती एवढ्या दूरून कायले आनली? अकोल्यातबी कायी माती हाय."

"ते नाई चालत," ते म्हणाले. "जिथं तुही जीप बसली व्हती, तिथली हाय हे. तिथंच वावराच्या धुऱ्यावर लेकीले मातीत ठेवलं आमी."

माझे हात मनगटापर्यंत त्या मातीने भरले होते. ते कुठे न्यावेत, मला कळेना. दुकानातला पोऱ्या झाडू घेऊन पुढे आला, त्याला मी थांबवलं. खाली बसलो आणि फरशीवर सांडलेली माती दोन्ही हातांनी गोळा करू लागलो. काकांनी फडकं माझ्यासमोर पसरून धरलं. सगळी माती त्यात आली, तेव्हाच त्यांनी गाठ मारली.