दोरीचं मडकं, लोकरीचं मडकं

सोयगावात ख्रिस्ती मंडळी प्रार्थनेला बसायला लागली ती पोलीस ॲक्शननंतर, अन् बसायला लागली सांडूच्या अंगणात. रझाकाराच्या धामधुमीत सांडू बायकोला घेऊन जालन्याला पळाला होता. तिथल्या प्रेसबिटेरियन ख्रिस्ती मंडळीनं दोघांना ठेवून घेतलं. परत आले ते बाप्तिस्मा घेऊनच.

सांडूचा धंदा अंबाडीचे दोर वळायचा. त्याला लांबलचक अंगण लागतं. रविवार आला की दोर गुंडाळायचे, अंबाडीच्या पेंढ्या बसायला टाकायच्या, झालं देऊळ. पहिल्या रविवारी तो अन् सरूबाई, दोघंच. तिसरी बकरी. मग शेजारची वच्छलाबाई आली, मग मेंढरंवाला मुंजाबा, मग बद्रीनाथ. तीन-चार सालात पेंढ्या पुरेनात.

म्हणून सांडूला वाटायचं, मंडळी म्हणजे आपलीच. खोटं नव्हतं ते. पण माणूस लई तापट. पहिलं गाणं सुरू झालं की फाटकाला दोर बांधायचा. उशिरा आलेला बाहेर. एकदा बद्रीनाथ तापानं फणफणलेलं पोरगं खांद्यावर घेऊन आला, तरी दोर सुटला नाय. मुंजाबा आतनं उठला, कुडावरनं उडी मारून बाहेर गेला अन् तिथंच पोराच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आत गाणं चालूच. सांडूला त्या उडीचा जो राग आला तो गेलाच नाय.

उन्हाळ्यात जालन्याहून तिथल्या मंडळीचे धर्मगुरू, पाळक नानासाहेब आले. म्हणाले, "आता तुमची मंडळी आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे. कारभार बघायला इथलाच एक वडील, म्हणजे मंडळीचा कारभारी, निवडा. मी नेमणार नाही. आपल्यात मंडळी निवडते."

सांडूनं मान ताठ केली. निवडायचं काय त्यात? तेवढ्यात वच्छलाबाई बोलली, "मुंजाबाचं बी नाव घ्या की."

"माझं कशाला, मावशे?" मुंजाबा म्हणाला. "मी मेंढरामागं हिंडणारा."

"मेंढरं सांभाळतोस म्हणूनच," वच्छलाबाई म्हणाली. सगळे हसले. सांडू सोडून.

इलेक्शन नुकतंच होऊन गेलं होतं. ज्या त्या उमेदवाराची वेगळी पेटी, पडद्याआड जाऊन मत टाकायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यांनी बी तसंच केलं. खोलीत घोंगडीचा पडदा लावला, मागं दोन मडकी. सांडूच्या मडक्याच्या गळ्याला दोरी, मुंजाबाच्या मडक्याला लोकर. पण मत म्हणून टाकायचं काय? बायका भाकरी करताना रोज मूठभर ज्वारी देवाच्या नावानं बाजूला काढायच्या अन् रविवारी आणायच्या. ठरलं, तीच टाकायची.

"मुठी सारख्या नसतात," पाळक म्हणाले.

"बद्रीनाथची मूठ म्हंजी सूप हाय!" कुणीतरी ओरडलं. मग सरूबाईनं कान तुटलेला कप आणला. माणशी एक कप, काठोकाठ.

एकेक जण पडद्याआड गेला, आला. सांडूनं आपला कप दोरीच्या मडक्यात टाकला, लोकरीच्या मडक्यात मुद्दाम बघितलं नाय. मोजायची गरजच काय, असं त्याचं तोंड.

शेवटी पाळक म्हणाले, "सरूबाई, मडकी आणा."

सरूबाई आत गेली. बराच वेळ झाला. आली ती रिकाम्या हातानं.

"अवो, मी तर ओतली की पोत्यात."

"काय ओतलं?"

"ज्वारी. दर रविवारी ओतते तशी. दोन्ही मडक्यातली."

अंगणात असा हशा उसळला की बकरी दावं तोडायला लागली. सांडू लालबुंद. "अक्कल काय गहाण टाकली का बये? सगळ्या मंडळीची मतं पोत्यात!"

"भाकरी करा अन् खाऊन टाका मतं!" वच्छलाबाई म्हणाली.

पाळकांनी डोळे पुसले. "असू द्या. आता हात वर करून घेऊ. सांडूभाऊंपासून."

हे ऐकून सांडूचा राग निवला. हात वर! त्याच्या अंगणात, त्याच्या पेंढीवर बसून, त्याच्या तोंडासमोर कोण त्याच्या विरोधात जाईल? जिंकल्यातच जमा. "पाणी पिऊन आलो," म्हणत तो आत गेला.

सरूबाई पोत्याचं तोंड बांधत होती. तिच्या हाताकडं बघून त्याला काहीतरी खटकलं. इतक्या सालांच्या संसारात या बाईनं कधी मिठाचा खडा वाया घालवला नव्हता.

"सरू. खरं सांग. इसरून ओतलंस का?"

ती गाठ आवळत राहिली. "एक मडकं दोन्ही हातांनी उचलावं लागलं. दुसरं दोन बोटांत आलं."

"माझं कोणतं?"

सरूबाईनं दोरीचं मडकं दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं.

"तुझा कप तरी कुठं टाकला व्हता?"

"दोरीच्याच. दुसरीकडं कसा टाकू?" ती म्हणाली. "पण त्या तापल्या पोराच्या दिवशी मुंजाबाच्या मागं मला बी उडी मारावी वाटली व्हती."

सांडूनं तांब्या उचलला, न पिताच ठेवला. बाहेर सगळे वाट बघत होते. पेंढीवर बद्रीनाथचं पोरगं बसलं होतं, अंबाडीचा धागा चावत. लोकांच्या माना खाली. हात वर केला तर सांडू निवडून येणार, नाय केला तर सांडू भडकणार.

"पहिलं सांडूभाऊ. कोण कोण?" पाळकांनी विचारलं.

हात उठायला लागले, तोच सांडू ओरडला, "खाली घ्या! खाली घ्या म्हणतो ना! माझ्या अंगणात माझ्याआधी हात वर करता का?" सगळ्यांचे हात फटकन खाली. मग त्यानं आपला हात वर केला. "मुंजाबा. लिहून घ्या, पाळकसाहेब. मुंजाबा."

मग सगळेच हात उठले, पाळकांना मोजावे लागलेच नाय.

पुढच्या रविवारी सांडूनं फाटकाचा दोर सोडून बकरीला बांधला. त्या सालात हर्सूलकडून आलेली दोन घरं मंडळीत आली, अन् आली ती दर वेळी उशिरा. मधल्याच गाण्यात फाटक करकरलं की सांडू पुटपुटायचा, "आले नवाब."

"तुमच्याकडं हाय का कारभार?" सरूबाई म्हणायची.

"गप बस. पेंढी टाक त्यांना."