व्यंकटरावांच्या जीपचे दोन पाईप

हिंगोली जिल्ह्यातल्या साखरा गावात व्यंकटरावांच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर एक ओढा लागतो आणि त्या ओढ्यात एक उभा दगड आहे. त्या दगडानं दोन वर्षांत जीपचा सायलेन्सर तीनदा तोडला. पहिल्या दोन वेळा व्यंकटराव दगडावर चिडले आणि गप्प बसले. तिसऱ्या वेळी मात्र जीपमध्ये चतुराबाई होत्या. तुटक्या सायलेन्सरची ती उघडी जीप फटफट करत गल्लीत शिरली तेव्हा दोन म्हशी दावी तोडून पळाल्या आणि शेजारचं तान्हं लेकरू संध्याकाळपर्यंत रडत राहिलं. चतुराबाई खाली उतरल्या, पदर झटकला आणि नवऱ्याला शांतपणे म्हणाल्या की एक तर हिला नीट करा, नाहीतर मला बैलगाडी आणून द्या.

दुसऱ्याच दिवशी व्यंकटराव जीप घेऊन गोरेगावला गुलाबसिंगकडे गेले. बाजाराच्या टोकाला गुलाबसिंगचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, हळद शिजवायची पिंपं, लोखंडी गेट, सगळं तो करायचा. माणूस कमी बोलायचा, पण हात नेमका. तो जीपखाली आडवा झाला, बाहेर आला आणि म्हणाला की पाईप खालून न्यायचाच कशाला. उजवीकडून, दाराखालून बाहेर काढू, म्हणजे दगडाला तो सापडणारच न्हाई. व्यंकटरावांना ते पटलं. मग गुलाबसिंगनं जीपकडे लांबून बघितलं आणि म्हणाला, एकाच बाजूला पाईप असला तर गाडी लंगडी दिसंल. डावीकडं तसाच एक रिकामा पाईप लावतो, नुस्ता शोभेचा. बायामाणसं डावीकडून चढतेत, तिकडं गरम पाईप नको.

अशा रीतीनं जीपला दोन पाईप आले. उजवा खरा, डावा खोटा. दोन्ही माणसाच्या मांडीएवढे जाड. जीप गावात आली तेव्हा लोक उठून बघायला आले, आणि एकसष्ट वर्षांच्या व्यंकटरावांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपल्याकडे काहीतरी बघण्यासारखं आहे.

त्यातच लेकीचं लग्न ठरलं. प्रियंका हिंगोलीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. नवरा मुलगा भागवत जवळा बाजारचा, बियाण्यांच्या दुकानाचा मालक. लग्न एप्रिलमध्ये, गावातच, शाळेमागच्या मैदानावर. व्यंकटरावांनी चारचौघांत सांगून टाकलं की नवरीला घरापासून मांडवापर्यंत मी माझ्या हातानं जीपमधून नेणार.

तोवर उघड्या लोखंडाच्या त्या पाईपांवर तांबूस गंज चढला होता. लेकीला काय गंजक्या जीपमधून न्यायचं? पाईपांना काहीतरी लावायला हवं, टिकेल असं आणि दिसेल असं, हे व्यंकटरावांच्या मनानं घेतलं आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना.

पहिला प्रयोग घरच्या घरी झाला. गेटला लावून उरलेला चंदेरी ऑइलपेंट कोठीत होता. व्यंकटरावांनी अख्खी दुपार घालवून तो दोन्ही पाईपांना स्वतः लावला. संध्याकाळी पाईप असे चमकत होते की त्यांना राहवेना. दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्यांनी जीप काढली. गोरेगावच्या चौकात येईस्तोवर उजव्या पाईपातून नव्हे, पाईपावरूनच धूर निघायला लागला. घाणेरडा, डोळ्यांना झोंबणारा धूर. कुणीतरी ओरडलं की गाडी पेटली, आणि हॉटेलवाल्यानं भांडी विसळायची बादली उचलून थेट पाईपावर ओतली. त्यातलं निम्मं पाणी व्यंकटरावांच्या धोतरावर आलं. उजव्या पाईपाचा रंग फोड येऊन पापुद्र्यांनी सुटला. डावा पाईप मात्र जसाच्या तसा, चकचकीत. त्या दिवशी व्यंकटरावांनी जीप अशी उभी केली की डावी बाजू रस्त्याकडे राहील आणि उजवी भिंतीकडे.

दुसरा सल्ला भाच्याचा होता. हिंगोलीत खिडक्यांच्या जाळ्यांना आणि कपाटांना पावडर मारून भट्टीत भाजणारा एकजण होता. तो रंग म्हणे दहा वर्षं हलत नाही. व्यंकटरावांनी दोन्ही पाईप सोडवून नेले. त्यानं विचारलं, कशाचे आहेत? व्यंकटराव म्हणाले, लोखंडाचे. त्यानं पुढं विचारलं नाही आणि व्यंकटरावांनी सांगितलं नाही. काळाभोर, गुळगुळीत रंग चढला. चार दिवसांनी उजवा पाईप पुढून तपकिरी झाला, आठव्या दिवशी त्याला करपलेल्या भाकरीसारखे पोपडे सुटले. व्यंकटराव भांडायला गेले तेव्हा कुठे उलगडा झाला. तो माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, मला वाटलं तुमी पाण्याचा नळ घेऊन आले. सायलेन्सरला ही पावडर टिकत असते का? काहून सांगितलं न्हाई?" डावा पाईप तिथंही नवाकोरा होता.

मग नांदेडला जाऊन त्यांनी क्रोम करून आणलं. हे काम मात्र बघण्यासारखं झालं. पाईपात माणसाचे दात दिसायचे. व्यंकटराव सकाळी अंगणात उकिडवे बसून, डाव्या पाईपात बघून मिशा कातरायला लागले. चतुराबाईंनी दोनदा विचारलं की घरात आरसा असताना हे काय चाललंय, आणि मग विचारायचं सोडून दिलं.

पंधरा दिवस सुखाचे गेले. एकदा हळदीची पोती घेऊन जीप हिंगोलीला चढावरनं गेली आणि परत आली तेव्हा उजव्या पाईपाचं पुढचं टोक आधी पिवळसर, मग जांभळं आणि अगदी इंजिनाजवळ निळं झालं होतं. व्यंकटरावांचं जेवण गेलं. ते पाईपाजवळ ओलं फडकं घेऊन बसलेले असताना प्रियंका सुट्टीला आली. तिनं वाकून बघितलं आणि बापाच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

ती म्हणाली की हा डाग नव्हे. धातू तापला की त्याच्यावर हवेमुळे एक पातळ पापुद्रा धरतो, तो जितका जाड तितका रंग वेगळा. "पारव्याच्या मानेसारखा दिसतो बाबा. पुसू नका. मला तर हाच आवडला."

पोरीला आवडला म्हणताच व्यंकटरावांचं जग पालटलं. प्रियंकाच्या मैत्रिणी आल्या, त्यांनी उजव्या पाईपाशी उभं राहून फोटो काढले. आता व्यंकटराव जीप उलटी उभी करायला लागले, उजवी बाजू रस्त्याकडे. आणि आता त्यांना डावा पाईप डोळ्यांत सलायला लागला. पांढराफटक, दवाखान्यातल्या खाटेच्या दांडीसारखा. लग्नात नवरी चढणार डावीकडून, फोटो निघणार डावीकडचे, आणि तिकडंच काही रंग नाही.

ते गुलाबसिंगकडे गेले आणि म्हणाले, डावा पाईपही इंजिनाला जोड. अर्धा धूर इकडून, अर्धा तिकडून. गुलाबसिंगनं हातातला रॉड खाली ठेवला. वहिनीला विचारलं का, एवढंच त्यानं विचारलं. व्यंकटराव म्हणाले, तिला गाडीतलं काय कळतंय. गुलाबसिंगनं पुन्हा विचारलं नाही. जोडून दिला.

चतुराबाईंना काही सांगितलं नव्हतं. पुढच्या सोमवारी बस्ता बांधायला सगळे हिंगोलीला गेले. कापड दुकानापुढं जीप थांबली. आजवर ज्या बाजूनं बिनघोर उतरायच्या त्याच बाजूनं चतुराबाई उतरल्या. त्यांची नवी जरीकाठी साडी पाईपाला टेकली, चर्र झालं, आणि काठाचा पंज्याएवढा तुकडा वितळून क्रोमला चिकटून बसला. पोटरीलाही चटका बसला. त्या दचकून दोन पावलं मागं सरकल्या. व्यंकटराव धावत आले, वाकले, आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते होतं, "डाग निघंल का गं हा?"

ते पाईपाकडे बघत होते.

चतुराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. प्रियंकानं मेडिकलमधून मलम आणून लावलं. बस्ता बांधून झाला, मानपानाच्या साड्या घेऊन झाल्या, आणि परत निघताना चतुराबाई सरळ चालत जाऊन गोरेगावला जाणाऱ्या भाड्याच्या काळीपिवळीत बसल्या. बारा माणसांत कोंबून घेऊन, मांडीवर दुसऱ्याचं लेकरू घेऊन त्या गावी आल्या. मागं व्यंकटराव एकटेच जीप चालवत होते.

तीन दिवस घरात बोलणं झालं नाही. म्हणजे चतुराबाई प्रियंकाशी बोलायच्या, म्हशीशी बोलायच्या, फोनवर व्याह्यांशी हसून बोलायच्या. व्यंकटरावांपुढं ताट यायचं, शब्द यायचा नाही. पहिल्या दिवशी व्यंकटरावांना राग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाईपावरचा वितळलेला काठ खरवडून काढला. त्याबरोबर क्रोमही ओरखडलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं त्यांना काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी चतुराबाई अंगणातून लंगडत जाताना दिसल्या. पाय अजून दुखत होता, आणि आपण त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले. चतुराबाई दूध तापवत होत्या. व्यंकटराव म्हणाले की चुकलं माझं, पायाचं आधी विचारायला पायजे होतं. दुधाला उकळी आली. मग चतुराबाईंनी सांडशीनं पातेलं उतरवलं आणि म्हणाल्या, "डावा पाईप व्हता तसा थंड करा. आन् उजव्यावर जाळी बसवा, तिकडूनबी कुणीतरी जातच असतं."

"बसवतो," व्यंकटराव म्हणाले. "पण आता हे क्रोम गेलं. लग्नाला पंधरा दिवस राहिले. लावावं तरी काय त्याला?"

चतुराबाईंनी ते पातेलं त्यांच्यापुढं ठेवलं. "हे प्रियंका पाळण्यात होती तवाचं हाय. रोज दोनदा जाळावर चढतं. ह्याला कोणता रंग लावला व्हता तुमी?"

व्यंकटरावांनी पातेलं फिरवून बघितलं. बुडाशी थोडी पिवळी-निळी झाक होती, बाकी लख्ख. स्टील होतं. त्याला कधीच काही लावलं नव्हतं.

ते तसेच उठून, पातेलं घेऊन गोरेगावला गेले. दुधाचं पातेलं हातात घेतलेला माणूस दुकानात बघून गुलाबसिंग आधी गोंधळला, मग त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. म्हणाला की चांगल्या स्टीलचा पाईप घेतला आणि नीट पॉलिश मारलं तर वर काही लावायचं कामच न्हाई. सुटायला काही नसलं तर सुटंल काय? रंग त्याचा तोच धरतो. व्यंकटरावांनी विचारलं, हे तू आधी काहून सांगितलं न्हाई? गुलाबसिंग म्हणाला, तुमी कवा विचारलं? तुमी दर वेळी ठरवूनच आले.

नवे पाईप झाले, डावा पुन्हा नुसता शोभेचा. उजव्यावर भोकांची जाळी बसली. व्यंकटरावांनी जीप दोनदा हिंगोलीच्या चढावर पळवून आणली आणि जाळीतून सोनेरी-जांभळी झाक दिसायला लागली. डाव्याचा प्रश्न प्रियंकानं सोडवला. ती म्हणाली की रंगासाठी धूर लागत नाही, नुसती आच लागते. गुलाबसिंगनं गॅसची ज्योत धरून डावा पाईप हळूहळू, वीत वीत तापवला. प्रियंका शेजारी उभी राहून कुठं थांबायचं ते सांगत होती. पाईप निवला तेव्हा दोन्ही बाजू जुळ्या दिसत होत्या, आणि डाव्यावर चतुराबाईंनी हात ठेवून बघितला. थंड होता. त्या म्हणाल्या, आता ठीक हाय.

लग्नाच्या दिवशी सकाळी व्यंकटरावांची थोरली बहीण केशरबाई आली. जिथं जाईल तिथं काम हाती घ्यायचं ही तिची सवय, आणि कामात ती कुणाचं ऐकत नसे. व्यंकटराव मांडवात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडून घेत होते. तासाभरानं घरी आले तर अंगणात जीपजवळ केशरबाई पदर खोचून बसलेली. बाजूला चिंचेचा कोळ, तारेची घासणी, राखेचं टोपलं. डावा पाईप पांढराशुभ्र झाला होता.

"अरे व्यंकट," ती धापा टाकत म्हणाली, "लेकीच्या लग्नाला गाडी अशी काळीनिळी ठेवतेत का? एक बाजू काढली घासून. दुसरीवर मेली जाळी हाय, हात जात न्हाई."

व्यंकटराव बघत राहिले. गुलाबसिंग इस्त्रीच्या कपड्यांत लग्नाला आला होता. तो पाईपाकडे बघून दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. प्रियंका नवरीच्या वेषात दारात आली, तिनं बघितलं आणि तोंडावर हात धरला. महिन्याभरापूर्वी हे झालं असतं तर व्यंकटरावांनी मुहूर्त पुढं ढकलला असता. त्यांनी चतुराबाईंकडे बघितलं. चतुराबाई हसायचं दाबत होत्या, आणि ते त्यांना दाबता येत नव्हतं. तीन महिन्यांत व्यंकटरावांनी बायकोला असं हसताना बघितलं नव्हतं. ते वाकून बहिणीच्या पाया पडले आणि म्हणाले, "आक्का, लई चांगलं केलं."

मग मायलेकी डावीकडून चढल्या. उजवीकडं व्यंकटराव बसले आणि जीप ताशी पाच किलोमीटरच्या वेगानं शाळेमागच्या मैदानाकडे निघाली. केशरबाई सोबत चालत होती आणि भेटेल त्याला डावा पाईप दाखवून सांगत होती की हा मी घासला.

लग्न थाटात झालं. जेवणाच्या पंगतीत भागवतच्या चुलत्यानं गुलाबसिंगला गाठलं. त्याचीही एक जुनी जीप होती. एका बाजूला पांढरा आणि दुसऱ्या बाजूला निळा पाईप त्याला फार आवडला होता. शहरातली नवी फॅशन असावी असा त्याचा समज झाला होता. अगदी तस्साच करून दे, म्हणाला. गुलाबसिंगनं जेवता जेवता व्यंकटरावांकडे बघितलं. व्यंकटराव जिलेबीचं ताट घेऊन वाढत होते. त्यांनी पाहुण्याच्या पानात दोन वाढल्या आणि गंभीरपणे सांगितलं की डाव्या बाजूचं काम फक्त आमच्या आक्का करतात, आणि त्यांना आवतन मात्र लग्नाचंच लागतं.