राजवाडे मेथड

अंगठ्याशी रफू केलेले काळे मोजे.

युरोपातून आलेलं सुवर्णपदक, मखमली डबीत.

कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेली बर्फाची कांडी. घशात स्वॅब घालू दिला म्हणून पोराला बक्षीस.

हृदयाची झडप.

या सगळ्यांचा संबंध ऑकलंडच्या हॉटेलात, पदक देण्याच्या समारंभात, पडद्यावर दाखवला जात होता. घसादुखी अंगावर काढली की पोरांच्या हृदयाची झडप निकामी होऊ शकते. म्हणून शहराच्या मनुरेवा उपनगरात घरोघरी तपासणी. आधीच्या टीम्स बूट घालून आत शिरल्या आणि दारं बंद झाली. मग फिल्ममध्ये एक दार उघडतं, मोज्यांतले दोन पाय उंबरा ओलांडतात आणि खाली अक्षरं येतात : राजवाडे मेथड.

फिल्म गुडघ्यांच्या वर जात नाही. वर नर्स श्यामला सातपुते होती.

आता ती तिसऱ्या रांगेत बसली होती. शेजारी लोसा, मनुरेवातली सामोअन आजी. तपासणीचे प्रमुख डॉ. अनिरुद्ध राजवाडे वाकून हळूच म्हणाले,

"श्यामलाताई, एक रिक्वेस्ट. पदकाच्या कमिटीला लाइव्ह डेमो हवाय. स्टेजवर या, बूट काढा, चालून दाखवा. दोन मिनिटं."

"कुणाच्या घरात?"

"अहो, घर कुठलं. डेमो."

"कोथरूडला चपला घालून स्वयंपाकघरात गेलात, तर आई काय करायच्या तुमच्या?"

ते हसले. "फटके द्यायची."

"मग त्यांचं नाव द्या की मेथडला."

"नाव कमिटीनं दिलंय हो. आणि रिसर्च पेपरमध्ये तुम्ही आहात ना."

"कुठे?"

"फील्ड स्टाफमध्ये."

"माणसं किती त्यात?"

"ताई, आज नको ना. प्लीज."

ते गेल्यावर लोसानं विचारलं, काय म्हणत होता? श्यामलानं इंग्रजीत सांगितलं. लोसानं पडद्याकडे बोट केलं.

"ते दार माझं आहे," ती म्हणाली. "त्याला पण ह्याचंच नाव देणार?"

पुकारा झाला : "अवर वंडरफुल नर्स." नाव नाहीच. टाळ्या पडल्या. श्यामला पायऱ्या चढली. कॅमेरावाला आधीच गुडघ्यांवर बसला होता, भिंग तिच्या पायांवर रोखून. राजवाड्यांनी हातानं खूण केली, काढा.

ती बुटांसकट स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. लाकडी फळ्यांवर टाचा वाजल्या. माइकपाशी थांबून एवढंच म्हणाली, "बूट मी लोकांच्या घरात काढते. माझं नाव श्यामला सातपुते."

पलीकडच्या पायऱ्या उतरून ती लोसाजवळ आली. दोघी दाराकडे निघाल्या. कॅमेरा मागे वळला, पण तेव्हाही त्यात फक्त तिचे बूटच आले.

तपासणीच्या पहिल्या दिवशी ती लोसाच्या घरातून बाहेर आली होती तेव्हा पाऊस पडत होता, आणि कुणीतरी तिचे बूट उचलून छपराखाली ठेवले होते.