भिंतीवरचं बटण आणि मी

पाणी उडवण्यासाठीच जन्मलेला, पण पाण्यालाच भिणारा कुणी तुम्ही पाहिला आहे का? मित्रांनो, तो मी. बागेतला जुना पितळी फवारा. दुकानात मला स्प्रिंकलर म्हणत. आता माझ्या अंगात पाण्याचा थेंब नाही, तरी ती सकाळ आठवली की माझा थरकाप होतो.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले पितळ साच्यात ओतले, कानशीने घासले आणि माझ्या डोक्यावर स्प्रिंगचा एक हात बसवला. पाण्याची धार त्या हातावर आपटली की मी टक-टक करत फिरतो. गळ्यात दोन कड्या घातल्या. त्या जिथे ठेवाल तिथून मी मागे वळायचे, पुढे जायचे नाही. माझी सारी शिस्त त्या दोन कड्यांत होती.

आजोबांनी मला निवडले तेव्हा ते अजून आजोबा झाले नव्हते. त्यांनी दुकानदाराला एकच विचारले, "सगळ्यात लांब पाणी कोण फेकतो?" दुकानदाराने मला पुढे केले. तेव्हा बागही तशीच ऐसपैस होती. माझी धार पार कुंपणापाशीच्या फुलझाडांपर्यंत जायची. शेजारी कौतुकाने पाहत उभे राहायचे. मी हुरळून जायचो, खोटे कशाला बोलू?

पुढे मुलाचे लग्न झाले, घर अपुरे पडू लागले आणि अर्ध्या बागेवर एक खोली उभी राहिली. हिरवळ उरली चटईएवढी. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर पाण्याच्या पंपाचे बटण बसवले. मुलगा म्हणाला, "बाबा, आता लहान फवारा आणू या."

आजोबांनी त्याला उडवून लावले. "ह्याला काय धाड भरलीय? कडी थोडी सरकवली की झालं."

कडी सरकवली. बाग बदलली, मी तोच राहिलो.

पण पितळही झिजते, मित्रांनो. कडी सैल झाली. रोज मी केसभर पुढे जाऊ लागलो. आधी भिंतीचा कोपरा भिजला, मग खिडकीची चौकट. एका सकाळी माझी धार थेट त्या बटणावर पडली. बटणाचे झाकण तर केव्हाच तुटलेले. पाणी थेट आतल्या विजेच्या तारांवर गेले. मी मागे वळलो, पण पुन्हा तिथेच येणार हे मला ठाऊक होते. पाणी ढकलील तिकडे फिरायचे, एवढेच माझे नशीब.

आणि तेवढ्यात आजोबा आले. अनवाणी. ओल्या गवतावर अनवाणी चालायची त्यांची रोजची सवय. पंप बंद करायला ते बटणाकडे निघाले. मी जीव तोडून टक-टक करत होतो, पण तो आवाज त्यांच्या कानांना रोजचाच. उलट माझ्याकडे बघून ते हसले. त्यांचा हात पुढे झाला.

"बाबा, हात लावू नका. आहात तिथेच थांबा."

दारात सून उभी होती, नजर ओल्या बटणावर. ती ओरडली नाही, पण तिच्या आवाजात असे काही होते की आजोबांचा हात हवेतच राहिला. तिने आत जाऊन घरची सगळी वीज बंद केली. पंप थांबला, मी थांबलो. आजोबा पायरीवर बसले.

"रोज लावतो गं मी तिथे हात," ते एवढेच म्हणाले.

"म्हणूनच आता नवीन आणायचा," सून त्यांच्याशेजारी टेकत म्हणाली. "आणि आधी बाग मोजायची, मग दुकानात जायचं."

मोजायच्या फितीचे एक टोक सुनेने धरले, दुसरे आजोबांनी. दुकानातून ते एक छोटासा, बुटका फवारा घेऊन आले. आजोबा मुलाला सांगत होते, "ह्या वेळी मी विचारलं, लांब फेकणारा नको, जागेवर थांबणारा कुठला ते दाखवा." बटणही भिंतीवरून काढून खोलीच्या आत नेले.

मग भंगारवाला दारात आला आणि माझे धाबे दणाणले. आजोबांनी मला उचलले, घरच्या माणसासारखे मायेने पुसले आणि खोलीतल्या खिडकीत ठेवले.

मित्रांनो, फवारा घेण्याआधी आपली बाग नीट बघा. बाग बदलली तर आम्हालाही बदला. आम्हाला वाईट वाटेल, तर वाटू द्या.

आता रोज सकाळी आजोबा पायांत चपला घालून खोलीत येतात. बटण माझ्या शेजारीच आहे. मी कोरडा ठाक आहे, हे मला कळते. तरीही त्यांचा हात बटणावरून सुखरूप मागे येईपर्यंत मी श्वास रोखून धरतो.